शेवट आधीच लिहिला होता: एका ऑस्ट्रेलियन माहितीपटाचं प्रकरण

मेलबर्नमध्ये मी चित्रपटनिर्मितीचे हिशेब बघतो. कॅमेरा कुठे लावायचा हे मला कोणी विचारत नाही. कॅमेऱ्याचं भाडं अजून किती दिवस परवडेल हे मात्र सगळे मलाच विचारतात. त्यामुळे एखादा चित्रपट अडला की तो कुठे अडला, हे बऱ्याचदा माझ्या तक्त्यात आधी दिसतं. पुढचं प्रकरण त्यातलंच. 2016 ते 2019 या काळात मी या निर्मितीवर होतो.

गावाचं, कारखान्याचं, वाहिनीचं नाव दिलेलं नाही. माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. ऑस्ट्रेलियात लहानथोर सगळेच एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, पण नावच द्यायचं नाही म्हटल्यावर दिग्दर्शिकेला मी इथे ‘बाई’ म्हणणार आहे. शाळेतल्या ज्या बाईंचा धाकही वाटायचा आणि लळाही, तशा. चित्रपट ज्याच्याभोवती फिरतो तो ‘फोरमन’. हा मजकूर बाहेर काढण्याआधी मी तो बाईंना, फोरमनला आणि त्याच्या बायकोला इंग्रजीत सांगितला. बायकोने एक प्रसंग काढायला लावला. तो इथे नाही.

पार्श्वभूमी

बाई मुळात पटकथालेखिका. दूरचित्रवाणीच्या मालिकांमध्ये त्यांची सुरुवात झाली, तीही अगदी तळापासून. आठवड्याला पाच भाग जाणाऱ्या मालिकेत कथा ‘स्टोरी टेबल’वर ठरते: सहा-सात जण गोल बसून पुढच्या आठवड्यात कोण कोणाशी भांडणार ते ठरवतात आणि कोपऱ्यात बसलेला एक जण ते सगळं टिपून घेतो. बाई आधी टिपणाऱ्या होत्या. मग कथासूत्रं लिहू लागल्या, मग संहिता संपादक झाल्या आणि शेवटी स्वतःच्या नावाने भाग लिहू लागल्या. ऑस्ट्रेलियातल्या कितीतरी लेखकांची शाळा हीच.

पुढे एका लघुमालिकेच्या लेखनासाठी त्यांना ‘ऑगी’ पुरस्कार मिळाला. ऑस्ट्रेलियन रायटर्स गिल्ड हे पटकथा-नाट्यलेखकांचं संघटन 1962 साली स्थापन झालं आणि 1968पासून हे पुरस्कार देतं. या पुरस्कारांची एक खासियत इथे सांगायलाच हवी. परीक्षक लेखकच असतात आणि ते पडद्यावरचं काम न बघता कागदावरची संहिता वाचून निकाल देतात. म्हणजे कारकिर्दीतला पहिला मोठा मान बाईंना कागदासाठी मिळाला होता. या प्रकरणाशी त्याचा संबंध आहे, असं माझं मत. बाईंना ते पटत नाही.

चाळिशी ओलांडल्यावर त्या माहितीपटांकडे वळल्या. पहिल्या दोन्ही माहितीपटांचं कौतुक झालं, एकाला देशपातळीवरचा पुरस्कार मिळाला. समीक्षक म्हणायचे, यांचे माहितीपट कथापटासारखे बांधलेले असतात. ते खरंच होतं. त्यांच्या संकलनाच्या खोलीत भिंतभर कार्डं लावलेली असत. जे घडून चित्रित झालं आहे ते पांढऱ्या कार्डावर, जे घडेल असा अंदाज आहे ते पिवळ्या. चित्रीकरण पुढे सरकेल तशी पिवळी उतरत आणि पांढरी चढत.

तिसऱ्या चित्रपटाचा विषय होता मोटार कारखाने बंद पडणं. मे 2013मध्ये फोर्डने ऑस्ट्रेलियातलं उत्पादन थांबवणार असल्याचं जाहीर केलं, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये होल्डनने, फेब्रुवारी 2014मध्ये टोयोटाने. फोर्डचं काम ऑक्टोबर 2016मध्ये संपलं. टोयोटा आणि होल्डनचं वर्षभराने, ऑक्टोबर 2017मध्ये, दोन-अडीच आठवड्यांच्या अंतराने. 1948 साली पहिली होल्डन बाहेर पडली तेव्हा पंतप्रधान समारंभाला हजर होते. सत्तर वर्षांच्या आतच सगळा खेळ आटोपला. तिघांपैकी कोणत्या कारखान्याची ही गोष्ट आहे ते सांगत नाही. गिरणगावात नातेवाईक असलेल्या माणसाला हिशेब चुकता होऊन घरी बसणं म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही, म्हणून मी हे काम आनंदाने घेतलं.

फोरमन तिथे एकोणतीस वर्षं होता. जुळणीच्या लाइनवर मुलगा म्हणून लागला आणि चाळीसएक माणसांच्या पाळीचा प्रमुख झाला. बोलका, विनोदी, कॅमेऱ्यासमोर अवघडत नसे. बाईंना तो पहिल्याच भेटीत सापडला आणि तिथेच चित्रपट ठरला.

अडचणीची मुळं

ऑस्ट्रेलियात असा चित्रपट एका खिशातून होत नाही. स्क्रीन ऑस्ट्रेलिया ही केंद्राची संस्था, राज्याची स्वतंत्र संस्था, एखादी वाहिनी, कधी देणगीदार, आणि या सगळ्यांच्या तळाशी ‘प्रोड्युसर ऑफसेट’ नावाची करसवलत. प्रत्येकाला अर्ज हवा, आणि अर्जात ‘ट्रीटमेंट’ हवी: चित्रपट पडद्यावर कसा उलगडेल याचं गद्य वर्णन. जे अजून घडलेलंच नाही त्याचं. माहितीपट करणाऱ्या बहुतेकांना हे लिहिताना घाम फुटतो. बाईंना फुटला नाही, त्यांचा तो हातखंडा होता. कारखान्याच्या फाटकाबाहेर शेवटची गाडी बघत उभा असलेला फोरमन, शेजारी त्याची बायको, तिच्या हातात त्याचा डबा. मग वर्षभरानंतर तेच दोघं स्वतःच्या छोट्या व्यवसायाच्या दारात. इतकं नेमकं लिहिलं होतं की वाचणाऱ्याला हे होऊन गेलेलं आहे असंच वाटावं. निधी मिळाला. भिंतीवर शेवटचं पिवळं कार्ड लागलं.

कारखाना बंद झाला. बायकोला त्या दिवशी कामावरून सुट्टी मिळाली नाही, फाटकाबाहेर फोरमन एकटाच उभा राहिला. हे चालण्यासारखं होतं.

पाच महिन्यांनी बाई आणि ध्वनिमुद्रक असे दोघंच त्याच्या घरी गेले. कॅमेरा बाईंकडेच होता. बायको कामावर. व्यवसायाचं कुठवर आलं, असं बाईंनी विचारलं. गॅरेजमध्ये उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसून फोरमनने सांगितलं, की कंपनीकडून मिळालेल्या एकरकमी पैशातले अर्ध्याहून जास्त गेले. ‘पोकीज’मध्ये. पश्चिम ऑस्ट्रेलिया सोडलं तर या देशात कोपऱ्यावरच्या पबमध्ये, क्लबात ही जुगाराची यंत्रं असतात. बटण दाबत बसायचं. पाळी संपायची ती वेळ झाली की त्याचे पाय आपोआप तिकडे वळत होते. बायकोला माहीत नव्हतं. खातं त्याच्या एकट्याच्या नावावर होतं.

कॅमेरा तेवीस मिनिटं चालू राहिला. ध्वनिमुद्रकाने एकदा बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली: चालू दे.

हा पहिला निर्णयाचा क्षण. बाई पुढे मला म्हणाल्या की त्या वेळी त्यांच्या डोक्यात दोन गोष्टी एकदम आल्या. एक, या माणसाला मदतीची गरज आहे. दोन, हा चित्रपटाचा मध्य आहे. पटकथेच्या भाषेत मध्य म्हणजे जिथे गोष्ट उलटते ती जागा, आणि ती जागा त्या वर्षभर शोधत होत्या. चित्रीकरण संपल्यावर त्यांनी त्याला जुगार सोडवणाऱ्या मोफत समुपदेशनाचा फोन क्रमांक दिला, त्याच्याबरोबर तासभर बसल्या. ‘हे चित्रपटात आलं तर चालेल का?’ एवढं मात्र विचारलं नाही. विचारण्याची गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्याने रिलीज फॉर्मवर, म्हणजे चित्रण वापरायची परवानगी देणाऱ्या कागदावर, सही केली होती. सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी, ‘अख्ख्या विश्वात’. विश्व हा शब्द माझा नाही, असल्या फॉर्ममध्ये तो खरोखर असतो.

दुसरा क्षण आला तो माझ्यामुळे. वाहिनीचे पैसे हप्त्यांनी येतात: करार झाला की एक, रफ कट (संकलनाचं पहिलं कच्चं रूप) मंजूर झाला की दुसरा, फाइन कटला (जवळजवळ पक्क्या रूपाला) तिसरा, अंतिम प्रत दिली की उरलेले. संकलन तीन आठवडे लांबलं होतं आणि माझ्या तक्त्यात महिनाअखेरीस संकलकाच्या पगाराला पैसे नव्हते. बाईंना रफ कट आधी फोरमनला दाखवायचा होता. पण बायकोच्या कामाच्या पाळ्या बघून तो वेळ देत होता आणि तारीख पुढे पुढे जात होती. मी निर्मातीला लिहिलं की वाहिनीकडे कट गुरुवारपर्यंत गेला नाही तर पगार थकतील. गुरुवारी गेला.

वाहिनीच्या कमिशनिंग एडिटरला, म्हणजे वाहिनीसाठी चित्रपट निवडणाऱ्या अधिकारी बाईला, गॅरेजचा प्रसंग विलक्षण आवडला. ‘हाच चित्रपट आहे’ असं लेखी उत्तर आलं, हप्ताही आला. वितरकाने जाहिरातीच्या पानासाठी त्याच प्रसंगातलं चित्र मागितलं. बारा दिवसांनी फोरमनने कट पाहिला, तेव्हा त्या तेवीस मिनिटांतल्या सहा मिनिटांवर चार संस्थांचे लोक उभे होते.

पाहून झाल्यावर तो चिडला नाही. चांगलं झालंय म्हणाला. मग म्हणाला, तेवढं काढ. बाईंनी विचारलं, कॅमेरा चालू आहे हे त्या दिवशी लक्षात राहिलं नव्हतं का? त्याचं उत्तर बाईंनी त्याच रात्री लिहून ठेवलं: ‘कॅमेरा दिसत होता. पण तू ऐकत होतीस म्हणून बोललो.’

समोरचे पर्याय

पुढच्या दहा दिवसांत निर्मातीच्या कार्यालयात पाच बैठका झाल्या. मी सगळ्यांना होतो, कारण प्रत्येक पर्यायाची किंमत काढून देणं माझं काम होतं.

पहिला पर्याय, प्रसंग तसाच ठेवायचा. वकिलाचं मत स्वच्छ होतं. सही आहे, जे सांगितलं ते खरं आहे, त्याने स्वतः सांगितलं आहे. बदनामीचा दावा टिकणार नाही. त्या वेळी ऑस्ट्रेलियात खासगीपणाच्या भंगासाठी थेट दावा लावता येईल असा कायदाही नव्हता, तो पुढे 2024 साली संमत झाला. चुका-त्रुटींच्या विम्याला (चित्रपटावर कोणी दावा लावला तर कामी येणाऱ्या) हवे ते सगळे कागद जागेवर होते. म्हणजे कायद्याची अडचण शून्य. वाहिनीचा कल अर्थातच इकडे. निर्मातीचाही सुरुवातीला इकडेच होता, आणि त्याबद्दल मी तिला नावं ठेवणार नाही. कंपनीचं कर्ज तिच्या सहीवर होतं.

दुसरा, चेहरा झाकायचा, आवाज बदलायचा. हा पर्याय वाहिनीकडून आला आणि दोन मिनिटांत निकालात निघाला. संपूर्ण चित्रपटभर जो माणूस उघड्या चेहऱ्याने वावरतो त्याला एका प्रसंगापुरता बुरखा घालून उपयोग काय!

तिसरा, फोरमनचा धागा छाटून तासाभराचा टीव्हीचा कार्यक्रम करायचा. वरवर बघता हा सगळ्यात सोपा मार्ग. इथे ऑफसेट आडवा आला. ही सवलत 2007पासून आहे. चित्रपटगृहात प्रदर्शित होणाऱ्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाला ऑस्ट्रेलियात केलेल्या पात्र खर्चाच्या 40 टक्के परत मिळतात. टीव्हीसाठीच्या कामाला तेव्हा 20 टक्के मिळत. जुलै 2021पासून ते 30 झाले. समजा पात्र खर्च दहा लाख डॉलर आहे. चित्रपटगृहात गेलात तर चार लाख परत, टीव्हीवर गेलात तर दोन. शिवाय हे पैसे हातात येतात सगळ्यात शेवटी: चित्रपट पुरा होऊन हिशेब तपासले जातात, स्क्रीन ऑस्ट्रेलिया अंतिम प्रमाणपत्र देते, मग कंपनी कराचं विवरणपत्र भरते, तेव्हा. खर्च तर आज करायचा असतो. म्हणून येणाऱ्या ऑफसेटवर आधीच कर्ज काढतात. आम्ही 40 टक्के धरून काढलं होतं. तासाभराचा कार्यक्रम केला असता तर अर्धं कर्ज हवेत लटकलं असतं.

चौथा, थांबायचं. फोरमन स्वतःहून बायकोला सांगेपर्यंत. तो सांगणार होता, असं तोच म्हणत होता. पण कधी? कर्जावर व्याज चढत होतं, संकलकाने पुढचं काम घेतलं होतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, आपला चित्रपट पुरा व्हावा म्हणून एखाद्या माणसाने बायकोपाशी कबुली द्यावी अशी वाट बघत बसणं हा स्वतःच एक दबाव आहे. हे बाईंच्या लक्षात आलं. माझ्या आलं नव्हतं. मी व्याजाचा आकडा काढण्यात गुंतलो होतो.

पाचवा पर्याय निर्मातीने काढला आणि तो फक्त बाईंसारखीच्याच बाबतीत शक्य होता. माहितीपटातून प्रसंग काढा आणि त्यावर कथापट लिहा. नावं बदला, गाव बदला, कारखान्याच्या जागी पोलाद प्रकल्प घ्या. लेखिका घरातलीच, पुरस्कारविजेती. बाई एक रात्र विचार करून नाही म्हणाल्या. त्यांचं कारण मला फार पटलं: नाव बदललं तरी फोरमनची बायको तो चित्रपट बघेल, आणि पहिल्या दहा मिनिटांत ओळखेल.

काय केलं

बाईंनी निर्णय घेण्याआधी एका जुन्या सहकाऱ्याशी बोलून घेतलं. हा सहकारी आदिवासी समाजांबरोबर चित्रपट करणारा. त्या क्षेत्रात संमती ही एकदाच सही घेऊन मिटणारी गोष्ट मानत नाहीत. टेरी जँकी यांनी तयार केलेली आणि स्क्रीन ऑस्ट्रेलियाने 2009मध्ये काढलेली मार्गदर्शिका आहे, ‘पाथवेज अँड प्रोटोकॉल्स’. कल्पनेच्या टप्प्यापासून प्रदर्शनापर्यंत पुन्हा पुन्हा विचारत जायचं, असा तिचा सूर. बाईंना ती माहीत होती. पण ती ‘त्या’ प्रकारच्या चित्रपटांसाठी आहे, असं त्यांनी धरून चाललेलं. सहकारी म्हणाला, कारखान्यातल्या गोऱ्या माणसाला दोनदा विचारायचं नाही असं त्यात कुठे लिहिलंय?

मग त्या एकट्याच, कॅमेऱ्याशिवाय, फोरमनकडे गेल्या आणि प्रसंग काढतोय असं सांगून आल्या. त्या बदल्यात काही मागितलं नाही. परत येऊन निर्मातीला म्हणाल्या, माझं उरलेलं मानधन थांबव आणि मला सहा आठवडे दे.

त्या सहा आठवड्यांत जे झालं ते चित्रपटाच्या दृष्टीने सगळ्यात रंजक आहे, आणि त्याचं श्रेय बरंचसं संकलकाला. पुढचं काम लांबणीवर टाकून तो थांबला. त्याने बाईंना भिंतीवरची सगळी कार्डं उतरवायला लावली. दोन वर्षांच्या चित्रीकरणात आणखी दोन माणसं होती जी आत्तापर्यंत फोरमनच्या गोष्टीत येता-जाता दिसत होती. एक, गाडीच्या आसनांचं शिवणकाम करणारी कामगार स्त्री, कारखाना सुटल्यावर वृद्धाश्रमात काम शिकायला गेलेली. दुसरा, साचे बनवणारा तरुण कारागीर. दोघांचं भरपूर चित्रण पडून होतं, कारण बाईंना ते तेव्हा ‘सपाट’ वाटलं होतं: काही उलटत नाही, नुसती माणसं रोज थोडी थोडी बदलतात. शिवणकाम करणाऱ्या त्या स्त्रीच्या हाताची आसनाच्या कापडावरून फिरण्याची लकब आणि वृद्धाश्रमात चादर ताणतानाची लकब एकच होती. संकलकाने ते दोन तुकडे शेजारी ठेवले. एवढं सुंदर दृश्य कोणत्याही ट्रीटमेंटमध्ये नव्हतं.

चित्रपट एका माणसाचा होता तो तिघांचा झाला. फोरमन त्यात राहिला: पाळीचा प्रमुख, फाटकाबाहेर उभा असलेला, नंतर एका गोदामात नोकरीला लागलेला. छोट्या व्यवसायाचं स्वप्न एका वाक्यात येतं आणि जातं.

पैशांचं सांगायचं तर नव्या बांधणीला जोड म्हणून जुन्या बातम्या, गाड्यांच्या जाहिराती हव्या होत्या. अमेरिकेतल्यासारखी ‘फेअर यूज’ची मोकळीक ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात नाही, इथली ‘फेअर डीलिंग’ची सूट अभ्यास, समीक्षा, बातमी, विडंबन अशा ठरावीक कारणांपुरती. त्यामुळे वृत्तवाहिन्यांच्या संग्रहातला प्रत्येक तुकडा मोजून विकत घ्यावा लागला. अंदाजपत्रकातली आकस्मिक खर्चाची तरतूद तिथेच संपली. वाहिनीला नवा कट दाखवताना निर्मातीने एक शहाणपणा केला. प्रसंग का काढला याचं नैतिक स्पष्टीकरण देत न बसता तिने नवे दोन प्रसंग आधी दाखवले. कमिशनिंग एडिटर नाराज झाली, चित्रपटाचा मध्यच गेला म्हणाली, पण करार मोडला नाही.

निष्पत्ती

2019मध्ये चित्रपट महोत्सवात गेला, नंतर काही शहरांतल्या चित्रपटगृहांत. एक-दोन खेळ करून 40 टक्के मिळत नाहीत, खरंखुरं प्रदर्शन लागतं. वितरकाने खेळानंतरच्या गप्पा लावून ते जमवलं. अंतिम प्रमाणपत्र मिळालं. कर्ज चार महिने उशिरा फिटलं. बाईंचं थांबवलेलं मानधन त्यानंतर वर्षाने आणि तेही पूर्ण नाही. पुरस्कार एकही नाही. एका परीक्षणात चित्रपटाला ‘सभ्य’ म्हटलं होतं. तो शब्द बाईंना बरेच दिवस टोचला.

इथे प्रकरण संपलं असतं तर मी ते लिहिलं नसतं.

प्रदर्शनानंतर काही महिन्यांनी फोरमनने बायकोला सगळं सांगितलं. कसं, कधी, ते त्यांचं. तिने पुढच्या आठवड्यात बाईंना फोन केला. चित्रपटाबद्दल तिची तक्रार नव्हती, त्यात काही नव्हतंच. तिचा प्रश्न वेगळा होता. गॅरेजमधल्या त्या दिवसानंतर जवळजवळ दीड वर्ष बाई त्या घरी जात-येत होत्या. ‘माझ्या स्वयंपाकघरात बसून माझ्या हातचा चहा प्यायचीस, तेव्हा तुला माहीत होतं?’ त्या दीड वर्षात उरलेल्या पैशातले आणखी गेले होते.

बाईंनी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

यानंतर दोन वर्षं त्यांनी माहितीपट केला नाही. मालिकांच्या स्टोरी टेबलवर परत गेल्या, या वेळी प्रमुख म्हणून. तिथे माणसांना काय माहीत आहे आणि काय नाही हे आपण ठरवतो, त्याची विश्रांती वाटते, असं त्या एकदा म्हणाल्या. आता पुन्हा एका माहितीपटाची तयारी चालू आहे.

पुन्हा करायचं झालं तर

आम्ही तिघं, म्हणजे बाई, निर्माती आणि मी, यावर अनेकदा बोललो आहोत आणि आमचं एकमत नाही.

निर्मातीच्या मते चूक अर्जात झाली. निधी देणाऱ्यांना निश्चित शेवट आवडतो हे खरं, पण दोन-तीन शक्य शेवट लिहून देणारे दिग्दर्शक आहेत आणि त्यांनाही पैसे मिळतात. बाईंना कागदाचा मोह आवरला नाही. एकच शेवट असल्यामुळे फोरमन एकमेव नायक झाला आणि त्याच्या नकाराला पर्याय उरला नाही. बाकी दोघांना सुरुवातीपासून बरोबरीचं स्थान दिलं असतं तर गॅरेजचा प्रसंग काढणं अवघड गेलं असतं, पण जीवघेणं ठरलं नसतं.

माझ्या मते चूक गुरुवारची. ती माझीच असल्यामुळे मला ती मोठी दिसते, हेही कबूल. संकलकाचा पगार आठवडाभर उशिरा करता आला असता. मी त्याला विचारलंसुद्धा नव्हतं. पुढे त्याने सहा आठवडे स्वतःहून दिले, तेव्हा आठवडाभर तो नक्कीच थांबला असता. आता मी कॅशफ्लोच्या तक्त्यात ‘रफ कट, वाहिनी’ या ओळीच्या वर ‘रफ कट, सहभागी व्यक्ती’ अशी ओळ घालतो. तिला तारीख देतो, प्रवासखर्चाची रक्कम टाकतो आणि तिच्यामागे दोन आठवडे मोकळे ठेवतो. नव्या निर्मात्या याला हसतात. पैसे त्या ओळीत फारसे लागतच नाहीत, लागतात ते मागच्या दोन आठवड्यांत.

बाई दोन्ही मान्य करतात आणि म्हणतात, तुम्ही दोघं चित्रपट कसा वाचला असता ते सांगताय. त्यांच्या लेखी प्रश्न गॅरेजमध्ये सुरू होतो आणि त्याचं उत्तर त्यांना सापडलेलं नाही. कॅमेरा बंद केला असता तर फोरमन बोलायचा थांबला असता का? कदाचित. कॅमेरा बंद करूनही ऐकलं असतं तरी बायकोपासून लपवलेली गोष्ट त्यांच्याकडे आलीच असती. डॉक्टरला, वकिलाला अशा वेळी काय करायचं याचे नियम असतात. माहितीपट करणाऱ्याकडे सही केलेला फॉर्म असतो. फोरमनला त्याच दिवशी सांगायला हवं होतं की मी हे पोटात ठेवून तुझ्या घरी येत राहू शकणार नाही, एवढ्यापर्यंत बाई येतात. मग लगेच म्हणतात, की तसं म्हटलं असतं तर त्याने ती धमकी समजली असती.

एक गोष्ट अजून लोंबकळते आहे. चित्रपटात न वापरलेलं सगळं चित्रण टेपवर जपून ठेवलं जातं, त्यात ती तेवीस मिनिटं आहेत. फोरमनने ती पुसून टाकायला सांगितली. पण चित्रणावर गुंतवणूकदारांचाही हक्क आहे आणि त्यांच्या लेखी संमतीशिवाय निर्मातीला काही पुसता येत नाही. चौघांपैकी तिघांनी दिली आहे. दरम्यान फोरमनच्या बायकोने मला, बाईंना नाही, मला विचारलं की ती तेवीस मिनिटं तिला बघता येतील का. मी फोरमनला विचारायला सांगितलं. तिने विचारलं की नाही, माहीत नाही. टेप ठेवण्याचं वर्षाचं भाडं जुलैत येतं, नवीन आर्थिक वर्ष सुरू झालं की. यंदाचं मी भरलं आहे.